कंसांची भाषा आणि दुरुस्तीचा हक्क : एका जुन्या वादाची पुणेरी बाजू

१/ प्रोग्रामर मंडळींत गेली चार दशके एक वाद धुमसतो आहे. मजकूर लिहिण्यासाठी ‘इमॅक्स’ वापरावा की ‘व्हीआय’? त्याला जोडून दुसरा वाद : लिस्प आणि तिच्या कुळातल्या भाषा खरोखर श्रेष्ठ, की ते केवळ कंसांचे वेड? बाहेरच्याला हे सारे ‘मोदक उकडीचा की तळणीचा’ या थाटाचे वाटते. पण या वादाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे : हातातले साधन बदलण्याचा अधिकार कुणाचा? त्याचे सर्वांत भक्कम उत्तर पुण्यात वाढलेल्या एका अंध विद्यार्थ्याने दिले. आणि त्या उत्तराचा संबंध मराठीशी, मोडीशी, अगदी सोयगाव तालुक्यातल्या कातळावरच्या अक्षरांशीही पोहोचतो. हा धागा त्याविषयी.

२/ आधी शब्दांचा उलगडा. टेक्स्ट एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहिण्याचे आणि सुधारण्याचे साधन. त्यात पानाची सजावट नसते, फक्त अक्षरे असतात. प्रोग्रामरचा सारा दिवस त्यातच जातो. सुताराला रंधा जितका जवळचा, तितकाच त्याला एडिटर जवळचा. विस्तारक्षम एडिटर म्हणजे असा, की वापरणारा त्यात स्वतःच्या सोयीची नवी कामे बसवू शकतो आणि जुन्या कामांची रीत पालटू शकतो. त्यासाठी मूळ निर्मात्याकडे अर्ज करावा लागत नाही.

३/ या कल्पनेचा उगम अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला. १९७० च्या दशकात तिथे ‘टेको’ नावाचा एडिटर चाले. त्यात छोट्या आज्ञांच्या माळा, म्हणजे मॅक्रो, रचता येत. ज्याने त्याने आपापले मॅक्रो रचले आणि लवकरच एकाच्या यंत्रावर दुसऱ्याला काम करणे अवघड होऊन बसले. १९७६ मध्ये गाय स्टील यांनी हे विखुरलेले संच एकत्र आणायला घेतले आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम पुढे नेले. त्यातून जन्मलेल्या साधनाचे नाव इमॅक्स, म्हणजे ‘एडिटिंग मॅक्रोज’चा संक्षेप.

४/ त्याच सुमारास, १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय हे विद्यार्थी ‘एक्स’ आणि त्याचा दृश्य अवतार ‘व्हीआय’ घडवत होते. त्यांच्या घरची दूरध्वनी जोडणी इतकी मंद, की पडद्यावर प्रत्येक अक्षर कंजूषपणे पाठवावे लागे. म्हणून व्हीआयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आणि अत्यंत काटकसरीच्या. आजही त्यात एच, जे, के, एल या कळांनी चौफेर फिरता येते, कारण जॉय यांच्या टर्मिनलवर बाणांची चिन्हे त्याच कळांवर छापलेली होती. व्हीआयचे सौंदर्य काटकसरीतले, इमॅक्सचे सौंदर्य मोकळिकीतले. दोघांचाही पाया त्यांच्या काळाच्या गरजांत होता, हे भक्तगण विसरतात.

५/ आता लिस्प. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये ती मांडली आणि १९६० मध्ये तिच्यावरचा प्रसिद्ध लेख छापला. आज वापरात असलेल्या भाषांत तिच्याहून वडील फोरट्रानच म्हणावी लागेल. लिस्पमध्ये सारे काही यादी. दोन आणि तीन यांची बेरीज (+ २ ३) अशी लिहायची. कंसातली ही यादी माहिती आहे आणि आज्ञाही आहे. आज्ञा हीच माहिती असल्यामुळे एक आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलीला, किंवा स्वतःलाही, हाताळू आणि पालटू शकते. कंसांची जी टिंगल होते, त्या कंसांतच ही शक्ती आहे. पुढे या कुळात १९७५ मध्ये स्कीम आली, १९८४ मध्ये कॉमन लिस्प आली, आणि शाखा फुटतच राहिल्या.

६/ एडिटर आणि लिस्प यांचे लग्न लावणाऱ्यांत एक नाव बर्नार्ड ग्रीनबर्ग यांचे. त्यांनी १९७८ मध्ये ‘मल्टिक्स’ या संगणकप्रणालीसाठी इमॅक्स चक्क लिस्पमध्ये लिहिला. स्टॉलमन यांनी पुढे एका व्याख्यानात त्याविषयीची एक हकिकत सांगितली. ग्रीनबर्ग यांच्या कचेरीतल्या सेक्रेटरी हा एडिटर वापरत आणि त्यात स्वतःच्या सोयीची भर घालत. त्यांना दिलेल्या पुस्तिकेत हे कसे करावे ते लिहिले होते, मात्र याला ‘प्रोग्रामिंग’ म्हणतात हे लिहिले नव्हते. त्यामुळे ‘हे आपले काम नव्हे’ ही भीतीच त्यांना शिवली नाही. ही हकिकत नीट लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज पडणार आहे.

७/ १९८१ मध्ये जेम्स गॉस्लिंग यांनी युनिक्ससाठी वेगळा इमॅक्स लिहिला. त्यात ‘मॉकलिस्प’ नावाची लिस्पसारखी दिसणारी, पण खऱ्या याद्या नसलेली भाषा होती. पुढे त्याचे हक्क एका कंपनीकडे गेले आणि तो मोकळेपणाने वाटता येईना. स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये नव्याने काम सुरू केले आणि १९८५ मध्ये ‘ग्नू इमॅक्स’ प्रसिद्ध केला. त्याचा गाभा सी भाषेत, आणि त्यावरचा डोलारा खऱ्या लिस्पमध्ये. सोबत एक परवाना होता : वापरा, बदला, वाटा, पण पुढच्यालाही हाच अधिकार द्या. याच विचारातून १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आकाराला आला.

८/ म्हणजे वादाच्या दोन बाजू अशा उभ्या राहतात. एक म्हणते : साधन लहान, जलद आणि सर्वत्र सारखे असावे, माणसाने त्याच्याशी जुळवून घ्यावे. दुसरी म्हणते : साधनाने माणसाशी जुळवून घ्यावे, आणि त्यासाठी ते आतून उघडे असावे. धडधाकट, तरुण, इंग्रजी लिहिणाऱ्या प्रोग्रामरसाठी हा प्रश्न बहुतांशी आवडीनिवडीचा ठरतो, कारण साधन घडवणारा त्याच्यासारखाच असतो. ज्याची कल्पनाच निर्मात्याने कधी केलेली नसते, अशा माणसाच्या हातात तेच साधन पडते, तेव्हा खरी परीक्षा होते.

९/ असा माणूस म्हणजे टी. व्ही. रामन. ते पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. भाऊ, शिक्षक आणि मदतनीस पाठ्यपुस्तके वाचून दाखवत. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी-स्वयंसेवक पुस्तके कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून देत. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून त्यांनी गणितात पदवी घेतली आणि मग पवईच्या आयआयटी मुंबईत गणित व संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. तिथल्या त्यांच्या प्रकल्पाचे स्वरूपच पुढची दिशा सांगणारे होते : गणितातल्या वक्ररेषा कानाने ऐकून समजून घेता येतील अशी आज्ञावली.

१०/ त्यानंतर अमेरिकेतले कॉर्नेल विद्यापीठ. १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या पीएचडी प्रबंधाचा विषय होता ‘ॲस्टर’ ही प्रणाली. लेटेक या मांडणीभाषेत लिहिलेला गणिती मजकूर ती वाचून दाखवते. केवळ अक्षरे म्हणून दाखवत नाही, तर समीकरणाची रचना ध्वनीतून उभी करते. घातांक वरच्या स्वरात येतो, लांबलचक अपूर्णांकातला हवा तो भाग वेगळा काढून ऐकता येतो. ही प्रणाली लिस्पमध्ये लिहिलेली होती आणि ध्वनीची मांडणी करण्यासाठी रामन यांनी लिस्पच्याच पोटात एक छोटी भाषा रचली. या प्रबंधाला संगणकशास्त्रातल्या एसीएम या संस्थेचा सर्वोत्तम प्रबंधाचा पुरस्कार मिळाला.

११/ तोवर अंध व्यक्तींसाठी असलेल्या वाचक-प्रणालींची रीत एकच होती. पडद्यावर जी अक्षरे उमटतील ती वाचायची. वरवर पाहता हे पुरेसे वाटते. पण पडदा डोळ्यांसाठी मांडलेला असतो. रकाने, रंग, रिकाम्या जागा, अधोरेखन यांना अर्थ असतो, आणि केवळ अक्षरे वाचली की तो अर्थ सांडून जातो. एखाद्या बखरीचे पान शिरोरेघा, दंड आणि समास पुसून वाचायला द्यावे, तसे. शब्द राहतात, पण कोण बोलतो आहे आणि कुठे थांबायचे, ते कळत नाही.

१२/ रामन यांच्या लेखनातले दिनदर्शिकेचे उदाहरण फार बोलके आहे. पडद्यावर महिन्याची दिनदर्शिका आहे, आणि कर्सर सात या आकड्यावर आहे. डोळस माणूस नजर वर नेतो आणि वार पाहतो, आणखी वर नेतो आणि महिना-वर्ष पाहतो. पडदा वाचणारी प्रणाली मात्र ‘सात’ एवढेच म्हणते, किंवा आठवड्याच्या ओळीतले सगळे आकडे ओळीने म्हणून दाखवते. प्रत्यक्षात दिनदर्शिका चालवणाऱ्या आज्ञावलीला तारीख, वार, महिना, वर्ष हे सारे ठाऊकच असते. मग पडद्याला विचारण्याऐवजी थेट त्या आज्ञावलीलाच का विचारू नये?

१३/ याच प्रश्नातून १९९५ मध्ये ‘इमॅक्सस्पीक’ जन्मला. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. इमॅक्समध्ये ‘ॲडव्हाइस’ नावाची सोय आहे. लिस्पमधली ही रचना हान्स शालुप्स्की यांची. कुणीतरी आधी लिहून ठेवलेल्या कार्याला हात न लावता, ते कार्य होण्याच्या आधी, नंतर किंवा भोवती आपली आज्ञा जोडता येते. ‘पुढच्या ओळीवर जा’ हे कार्य जसेच्या तसे राहते, रामन त्याला फक्त इतकेच सांगतात : तुझे काम झाले की ती ओळ बोलून दाखव. दिनदर्शिकेच्या कार्याला सांगतात : हललास की वारासकट पूर्ण तारीख बोल. अशा शेकडो कार्यांना वाणी मिळाली.

१४/ पडद्यावर टिप्पणी एका रंगात आणि आज्ञाशब्द दुसऱ्या रंगात दिसतात. इमॅक्सस्पीकमध्ये त्यांना वेगवेगळे आवाज मिळाले. धारिका उघडली, काम संपले, चूक झाली, यांसाठी शब्दांऐवजी छोटे ध्वनी आले. त्या काळी डेकटॉक या उपकरणातून ही वाणी उमटे. पुढे पत्रव्यवहार, वेबपाने, आज्ञावलीतल्या चुका शोधणे, सारेच त्यात सामावले. रामन यांनी त्याला संपूर्ण श्राव्य कार्यपट म्हटले आणि २००७ च्या ‘ब्यूटिफुल कोड’ या संग्रहात त्याच्या रचनेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. डिजिटल इक्विपमेंट, ॲडोबी, आयबीएम आणि २००५ पासून गूगल असा प्रवास त्यांनी याच साधनाच्या सोबतीने केला.

१५/ आता मुद्द्याची गोष्ट. दिनदर्शिका लिहिणाऱ्याने अंध वापरकर्त्याचा विचार केलेला नव्हता. पत्रव्यवहाराची सोय लिहिणाऱ्यानेही नव्हता. रामन यांना त्यांच्यापैकी कुणाचीही मनधरणी करावी लागली नाही. समितीपुढे निवेदन नाही, ‘पुढच्या आवृत्तीत पाहू’ हे उत्तर नाही. साधन आतून उघडे होते, म्हणून बदल करता आला. परवाना मोकळा होता, म्हणून तो बदल जगभरच्या अंध प्रोग्रामरांपर्यंत विनामूल्य गेला. दया किंवा सवलत यांच्याशी या व्यवहाराचा काही संबंध नाही. हा हक्काचा व्यवहार आहे. इमॅक्स आणि लिस्पच्या बाजूने आजवर झालेल्या युक्तिवादांत याहून वजनदार युक्तिवाद सापडणे कठीण.

१६/ आक्षेप येतील, आणि ते ऐकलेच पाहिजेत. पहिला : हे केवळ लिस्पलाच शक्य होते का? तसे म्हणणे अतिशयोक्ती होईल. १९९४ मध्ये स्टॉलमन यांनी ‘टीसीएल’ या भाषेवर कडाडून टीका केली आणि एडिटरसारख्या साधनांच्या विस्तारासाठी ती वापरू नये असे बजावले. मोठी भाषिक लढाई झाली. गंमत अशी, की इमॅक्सस्पीककडून आलेला मजकूर वाणी-उपकरणापर्यंत पोहोचवणारे सेवक-प्रोग्राम त्याच टीसीएलमध्ये लिहिले गेले आणि ते उत्तम चालले. व्हीआयचा वंशज ‘विम’ (१९९१) हाही विस्तारक्षम आहे. २०१५ मध्ये आलेला व्हीएस कोड तर विस्तारांवरच वाढला. भाषेचा अभिमान दुय्यम, साधनाचा उघडेपणा मुख्य. लिस्पचे श्रेय इतके, की तो उघडेपणा किती खोलवर जाऊ शकतो ते तिने दाखवले.

१७/ दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक : सामान्य माणसाला तयार वस्तू हवी असते. हे खरेच आहे, आणि मराठीच्या बाबतीत तर कृतज्ञतेने मान्य करावे लागते. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानामुळे आणि पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपीमुळे हजारो कचेऱ्या, छापखाने आणि वृत्तपत्रे संगणकावर मराठी लिहू लागली. त्या वेळी लोकांना विस्तारक्षम एडिटर देऊन ‘तुम्हीच देवनागरी बसवा’ म्हणणे क्रूर ठरले असते. तयार साधनांनी आपले काम केले.

१८/ पण त्याची किंमतही मोजावी लागली. सुरेख, योगेश, शिवाजी, श्रीलिपी अशा टंकांत लिहिलेला मजकूर त्या टंकाबाहेर अर्थहीन. टंक नसलेल्या यंत्रावर तो उघडला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. एका टंकातून दुसऱ्यात जाण्यासाठी परिवर्तक हवा, आणि तो प्रत्येक टंकाला वेगळा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरीही कित्येक मराठी प्रबंध, स्मरणिका, ग्रामपंचायतींचे कागद पुढची अनेक वर्षे जुन्या टंकांत लिहिले जात राहिले. ते शोधता येत नाहीत, आणि वाचक-प्रणालीला बोलूनही दाखवता येत नाहीत. म्हणजे आजचा एखादा अंध मराठी विद्यार्थी पुन्हा तिथेच उभा : समोर मजकूर आहे, पण साधन आतून बंद.

१९/ तिसरा आक्षेप सर्वांत जुना, आणि तो याच जिल्ह्यातल्या पैठणचा आहे. ज्याला त्याला बदलाची मुभा दिली की मूळ भ्रष्ट होते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीन शतकांत इतके फेरफार साचले, की एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अनेक प्रती ताडून पाठ शुद्ध करावा लागला. त्यानंतर त्यात कुणी आपली ओवी घालू नये, असे त्यांनी निक्षून बजावले. एमआयटीमधल्या मॅक्रोंच्या गोंधळाची आणि या पाठभेदांची जातकुळी एकच. कुणीही कसेही बदलावे ही मुभा शेवटी सगळ्यांनाच अडचणीत आणते, आणि १९७६ मध्ये स्टील व स्टॉलमन यांनी जे केले ते एका अर्थी पाठशुद्धीचेच काम होते.

२०/ मात्र या आक्षेपाचे उत्तरही महाराष्ट्राच्याच विद्यापरंपरेत सापडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेली शिस्त अशी : मुख्य पाठ वर ठरवावा, आणि प्रत्येक पाठभेद, तो कोणत्या प्रतीत आहे यासकट, खाली नोंदवावा. काहीही गाडून टाकू नये. आजचे प्रोग्रामर ‘कोणी, केव्हा, काय बदलले’ याची जी नोंद ठेवतात, तिच्यामागे हीच दृष्टी आहे. बदलाला बंदी घालण्याची गरज नाही, बदलाचा माग राहिला म्हणजे पुरे. ॲडव्हाइसची सोयही नेमकी अशीच : मूळ कार्य अबाधित, आणि भर वेगळी, ओळखू येणारी, हवी तेव्हा काढता येणारी.

२१/ आता सोयगाव. अजिंठा हे गाव सिल्लोड तालुक्यात, पण लेणी सोयगाव तालुक्यात, फर्दापूरजवळ. तिथल्या दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर कटहादि नावाच्या दात्याची ब्राह्मीतली नोंद आहे. ही लिपी युनिकोडमध्ये २०१० मध्ये आली, मोडी २०१४ मध्ये. आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इमॅक्सच्या २९ व्या आवृत्तीत या दोन्ही लिप्या लिहिण्याची सोय झाली. ब्राह्मी किंवा मोडी टंकलिखित करणाऱ्यांची बाजारपेठ नगण्य, त्यांच्यासाठी कोणती कंपनी खर्च करील? देवनागरीचीही तीच कथा. जपानच्या इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीत केन्इची हांदा आणि सहकाऱ्यांनी आपल्या लिपीच्या गरजेतून इमॅक्स बहुभाषिक केला, ते काम १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत मुख्य प्रवाहात आले, आणि त्या वाटेने देवनागरीही आत आली.

२२/ ही साखळी पुन्हा पाहावी. जपानी संशोधकांना जपानी हवी होती, देवनागरीलाही त्याच दारातून वाट मिळाली. पुण्यात वाढलेल्या अंध विद्यार्थ्याला कान हवे होते, जगभरच्या अंधांना साधन मिळाले. मूठभर लिपिप्रेमींना जुन्या लिप्या हव्या होत्या, मोडी शिकणाऱ्याला कळफलक मिळाला. अल्पसंख्य गरजांची पूर्तता बाजार क्वचितच करतो, आणि जगाच्या बाजारात मराठीच्या पुष्कळ गरजा अल्पसंख्यच ठरतात. म्हणून विस्तारक्षमतेचा प्रश्न हौशी प्रोग्रामरांपेक्षा लहान भाषांच्या, जुन्या लिप्यांच्या आणि अपंग वापरकर्त्यांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे.

२३/ मराठवाड्याच्या शेतीला ही गोष्ट परकी नाही. तिफणीच्या दोन फणांतले अंतर पीक आणि जमीन पाहून ठरे, आणि ते गावचा सुतार गावातच बदलून देई. बलुतेदारीत जातीची जखडण होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण औजार गावात दुरुस्त होते, आणि गावच्या मातीप्रमाणे घडते, ही जाणीव मोलाची होती. संगणकाच्या बाबतीत ती जाणीव शाळा-महाविद्यालयांतून रुजलीच नाही. २००१ पासून एमएस-सीआयटीने खेडोपाडी संगणक पोहोचवला, हे मोठे काम. पण अशा शिक्षणाचा भर तयार साधने चालवण्यावर राहिला. साधनाच्या आत हात घालता येतो, हे सांगायचे राहून गेले.

२४/ इथे ग्रीनबर्ग यांच्या कचेरीतल्या सेक्रेटरी आठवाव्यात. त्यांना कुणी ‘प्रोग्रामर व्हा’ म्हटले नव्हते. फक्त वाट मोकळी ठेवली होती आणि साध्या शब्दांत ती दाखवली होती. मराठीत अशी पुस्तिका हवी. तिच्यात लिस्पचे तत्त्वज्ञान नको, ‘मोडी वाचताना लागणारी संक्षेपचिन्हे एका कळीवर कशी बसवावीत’, ‘शके आणि इसवी सनाचा मेळ एडिटरकडूनच कसा घालून घ्यावा’ असे धडे हवेत. इतिहास, मराठी, ग्रंथालयशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना त्यांचा पहिला उपयोग होईल. प्रोग्रामिंग हा शब्द शेवटच्या पानावर आला तरी चालेल.

२५/ आणि सार्वजनिक पैशाने मराठीसाठी कोणतीही संगणकप्रणाली घेताना, मग ती विद्यापीठाची असो, अभिलेखागाराची असो वा तहसील कचेरीची, तीन प्रश्न विचारणे बंधनकारक असावे. एक : आतला मजकूर युनिकोडमध्ये जसाच्या तसा बाहेर काढता येतो का? दोन : स्थानिक गरजेप्रमाणे तिचे वागणे, विक्रेत्याच्या परवानगीवाचून, बदलता येते का? तीन : एका तालुक्यात केलेली सुधारणा दुसऱ्या तालुक्याला मोकळेपणाने देता येते का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती खरेदी म्हणजे भाषेला पुन्हा एकदा एखाद्या टंकात कोंडणे होय.

२६/ इमॅक्स की व्हीआय, लिस्प की आणखी काही, हा वाद चालूच राहील आणि राहावा. अशा वादांतूनच साधने घासूनपुसून निघतात. पण मराठी वाचकाने त्यातून उचलावे ते वेगळे. जिथे वापरणाऱ्याला आत शिरण्याची मुभा असते, तिथे निर्मात्याच्या कल्पनेत नसलेला माणूसही एक दिवस आपली जागा करून घेतो. पुण्यातल्या त्या विद्यार्थ्याने ती कानांनी केली. मोडीची कागदपत्रे, बोलींचे शब्दसंग्रह, अंधांसाठीची मराठी पाठ्यपुस्तके, ही कामे अजून पडून आहेत, आणि ती करणाऱ्यांना दार उघडे सापडेल की बंद, हे पुष्कळसे आजच्या खरेदीवर आणि आजच्या अभ्यासक्रमावर ठरणार आहे.

(धागा समाप्त)